अंबाडीचं पान

दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदातली सकाळ. रात्रभर पाऊस झाला होता आणि मी परसातल्या वाफ्यांत साचलेलं पाणी काढून देत होते. कुंपणापलीकडे एक मुलगी उभी राहून माझ्या अंबाडीकडे टक लावून पाहत होती. आमच्या गुरुकुंज मोझरीत आयुर्वेद महाविद्यालय आहे. तिथं शिकणारी मुलं-मुली गावात खोल्या करून राहतात. ही शेजारच्या घरी आठवड्यापूर्वीच राहायला आलेली, मुंबईकडची, इमारतीच्या चौथ्या मजल्यावर वाढलेली. "काय पाहतेस गं?" असं मी विचारलं, तशी ती कुंपणाजवळ आली आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "काकू, रागावू नका हं. पण हा गांजा तर नाही ना?"

मला राग यायचं काहीच कारण नव्हतं. कुंपणाशी लावलेली अंबाडी पुरुषभर उंच झाली होती, पानांना पाच-पाच बोटं फुटली होती. ज्यानं गांजाचं पान फक्त चित्रात पाहिलं आहे, त्याला संशय येणारच. लिनिअससारख्या थोर वनस्पतिशास्त्रज्ञालाही १८व्या शतकात हेच साम्य दिसलं आणि त्यानं अंबाडीच्या शास्त्रीय नावात 'कॅनाबिनस', म्हणजे भांगेसारखी, असा शब्द घातला. पुढं इंग्रज व्यापारी हिच्या वाखाला 'डेक्कन हेम्प' म्हणू लागले. दोन्ही झाडांचं नातं मात्र काही नाही. अंबाडी ही जास्वंदीच्या, भेंडीच्या आणि आपल्या कपाशीच्या कुळातली.

मी एक पान खुडून तिच्या तळहातावर ठेवलं आणि चावून पाहायला सांगितलं. आंबट लागताच तिनं डोळे मिटले. मग मी तिला कुंपणाच्या आत बोलावलं आणि झाड ओळखायला शिकवलं. अंबाडीचं पान एकच असतं, फक्त खोलवर चिरलेलं. बोटं तळाशी एकमेकांना जोडलेली राहतात. गांजाच्या पानाची बोटं म्हणजे वेगवेगळ्या पर्णिका, देठाच्या टोकावर एकत्र आलेल्या. अंबाडीच्या खोडावर बारीक काटेरी लव असते, हात फिरवला की टोचते. आणि फूल! आश्विन लागला की भेंडीसारखं मोठं फिकट पिवळं फूल येतं, मध्ये गर्द तांबडा डाग. गांजाला असं नजरेत भरणारं फूलच नसतं.

दुपारी तिच्या खोलीवर मी वाटीभर भाजी पाठवली. पानं उकडून, पिळून, ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून शिजवलेली, वरून लसणाची चरचरीत फोडणी. आमच्या वऱ्हाडात पावसाळ्याच्या दिवसांत हे पोटभरीचं जेवण असतं. शेतकरी कपाशीच्या किंवा ज्वारीच्या कडेनं अंबाडीचं तास टाकत. पानं खायला, बी तेलाला, आणि खोड पाण्यात कुजवून निघालेला वाख दोराला. पोळ्याला बैलाला नवी वेसण आणि नवं दावं लागायचं, ते याच वाखाचं. आता नायलॉनचा दोर दुकानात मिळतो, तसं शेतातलं ते तास दिसेनासं झालं. परसात मात्र अंबाडी टिकून आहे, कारण भाजीची चव नायलॉनला देता येत नाही.

आठ दिवसांनी ती मुलगी बी मागायला आली.

नव्या माणसाचा पहिला प्रश्न ही मला फार मोलाची गोष्ट वाटते, आणि हा लेख मी त्यासाठीच लिहिते आहे. पहिला प्रश्न बहुधा घाबरत विचारलेला असतो, कधी चुकीचा असतो, कधी ऐकणाऱ्याला दुखावणाराही असतो. त्याला उत्तर कसं मिळतं त्यावर त्या माणसाच्या दारात पुढं काही उगवणार की नाही, हे बरंचसं ठरतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. वर्गातही हेच पाहिलं आणि वाफ्यातही हेच पाहते.

मी स्वतः १९८९ साली लग्न होऊन इथं आले. माहेर अचलपूरचं. वाड्यात फरशी, मधोमध तुळस, एवढीच माझी शेती. सासरी घरामागं दीड गुंठा मोकळी जागा होती. हौसेनं मेथी पेरली. दिवसातून दोनदा घागरीनं पाणी घातलं आणि बाराव्या दिवशी सगळी मेथी बुडख्याशी कुजून आडवी झाली. शेजारच्या आजी कुंपणातून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "माय, तू झाडाले पाणी देऊन नाई रायली, बुडवून रायली." मग त्या आत आल्या, माझं बोट धरून मातीत खुपसलं. "दुसऱ्या पेरापर्यंत वलं लागलं त घागर खाली ठेव. झाडाले तहान लागली का नाई, हे बोटाले इचार." आजीकडून शिकलेला हा पहिला धडा. आजपर्यंत मी तो किती जणांना शिकवला असेल, मोजलेलं नाही.

आजींनी तुकडोजी महाराजांना पाहिलेलं होतं. महाराजांनी १९३५ साली इथं आश्रम उभारला, १९५५ साली ग्रामगीता लिहून गावाच्या हाती दिली आणि ११ ऑक्टोबर १९६८ला इथंच देह ठेवला. आजी त्या दिवशी आश्रमात होत्या. अजूनही पुण्यतिथी महोत्सवात सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखभर माणूस एका जागी निःशब्द उभा राहतो, तेव्हा मला आजींची आठवण येते. रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना झाली की बाया घरी परतताना वाटेत थांबत आणि पदराच्या गाठीतून पुड्या निघत. कुणाचे वाल, कुणाच्या बरबटीच्या शेंगा, कुणाचं गावरान टमाट्याचं बी. माझ्या पहिल्या वर्षी माझ्या गाठीत द्यायला काही नव्हतं, तरी मला चार पुड्या मिळाल्या. आजींचं म्हणणं असं: "बी कोठीत ठेवलं त उंदराचं, देल्लं त आपलं." आम्ही पाच-सहा जणींनी तो शिरस्ता पुढं चालवला. बी विकायचं नाही. नेणाऱ्यानं पीक आल्यावर दुप्पट बी काढायचं, पण ते देणाऱ्याला परत करायचं नाही, तिसऱ्या नव्या माणसाला द्यायचं.

आता पुरुषही येतात. बँकेतून निवृत्त होऊन पुण्याहून गावी परतलेले एक गृहस्थ आहेत. त्यांनी पुण्याच्या सवयीनं फेब्रुवारीत टमाट्याची रोपं लावली. झाडं छातीएवढी वाढली, फुलांनी लगडली आणि एप्रिलात सगळी फुलं गळून पडली. त्यांना वाटलं खत कमी पडलं. त्यांनी आणखी घातलं, झाडं आणखी माजली. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३-४४ अंशांवर जातो. पस्तीसच्या वर दिवस आणि गरम रात्र असली की टमाट्याचा परागच निकामी होतो. तिथं खताचा काही संबंध नाही. आमच्याकडे टमाट्याची रोपं श्रावण-भाद्रपदात तयार करायची, म्हणजे फळ थंडीत धरतं. उन्हाळ्यात गवार, चवळी, भेंडी लावावी आणि त्यांनाही पश्चिमेच्या बाजूनं तुराट्यांचा आडोसा करावा. मुळाशी कुटाराचा चार बोटं थर टाकावा, म्हणजे सकाळचं पाणी संध्याकाळपर्यंत टिकतं. आता ते गृहस्थ दर भाद्रपदात रोपं वाटतात.

काळ्या मातीबद्दल मात्र मला थोडं सविस्तर सांगायचं आहे, कारण बाहेरून आलेला माणूस सगळ्यात जास्त तिच्याशीच झगडतो. आमची माती कसदार आहे, हे खरं. पण ती पाणी प्याली की फुगते आणि सुकली की फाटते. पावसाळ्यात तिच्यातली हवा निघून जाते आणि मुळं गुदमरतात. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांत बारीक मुळं तुटतात. म्हणून सपाट वाफा इथं चालत नाही. जमिनीपासून वीतभर उंच गादीवाफा करायचा, त्यात चांगलं कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा मिसळायचा, दरवर्षी मिसळत राहायचं. दोन-तीन वर्षांनी माती हातात भुसभुशीत लागू लागते.

दुसरी गोष्ट राखेची. चुलीची राख झाडाला चांगली, असं सगळीकडे सांगतात, आणि आम्ल मातीच्या मुलखात ते बरोबरही आहे. आमच्या जमिनीत मुळातच चुनखडी. ती आधीच अल्कधर्मी. तिच्यात टोपलीनं राख ओतली तर झाडाला लोह घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. संत्र्याच्या बागायतदारांना हे पिवळेपण चांगलं माहीत आहे. परसातल्या माणसाला मात्र कुणी सांगत नाही. राखेची जागा बियाण्याच्या मडक्यात. वाल, चवळी चांगली वाळवून राखेत घोळून ठेवली की भुंगा लागत नाही. ज्याला शंका असेल त्यानं मातीचा नमुना तपासून घ्यावा. अमरावतीजवळ घातखेडच्या कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे विचारणा केली तर नमुना कसा काढायचा तेही समजावून सांगतात. मी स्वतः माझ्या वाफ्याची माती तपासल्यावरच राख टाकणं थांबवलं.

"फुलं खूप येतात, फळ धरत नाही" ही तक्रार मी दरवर्षी ऐकते. दुधी, दोडका, कोहळं यांच्या वेलावर नर आणि मादी फुलं वेगळी असतात. सरळ बारीक देठाचं ते नर. ज्याच्या पाकळ्यांखाली बोटाएवढं इवलंसं फळ दिसतं ते मादी. सुरुवातीला बहुतेक नर फुलंच येतात, त्यामुळे पहिले आठ-दहा दिवस धीर धरायचा. नंतरही फळं गळत असतील, तर नर फूल तोडून त्यातला पराग मादी फुलाच्या मधोमध हलक्या हातानं लावायचा. यात वेळ फार महत्त्वाची. कोहळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, दोडक्याचंही संध्याकाळीच. मी पंधरा जणांना तरी दुधीच्या वेलाशी सकाळी नऊ वाजता झटताना पाहिलं आहे. दिवेलागणीला पाच मिनिटं गेलात तर काम होतं. प्रार्थनेहून परतताना बॅटरीच्या उजेडात दुधीची लगीनघाई करणारी दोन-तीन घरं आमच्या गल्लीत आहेत.

बियाण्याच्या बाबतीत माझी एक चूक सांगायलाच हवी, कारण ती जिवाशी आली असती. एका वर्षी माझा दुधी फार सुरेख आला. मी एक फळ वेलावरच वाळवलं आणि बी ठेवलं. पलीकडच्या शेताच्या धुऱ्यावर रानटी कडू भोपळ्याचा वेल होता, तिकडे माझं लक्ष नव्हतं. किड्यांनी तिकडचा पराग इकडे आणला. पुढच्या वर्षी त्याच बियाण्याचा दुधी चिरला, सवयीनं एक फोड तोंडात टाकली आणि जीभ आखडली, इतका कडू. सगळा वेल उपटून टाकला. वेलवर्गाचा हा कडूपणा कुकरबिटासिन नावाच्या द्रव्याचा, आणि तो विषारी असतो. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. त्यामुळे नव्या माणसाला मी पहिल्या वर्षी वाल, चवळी, टमाटे यांचंच बी धरायला सांगते. त्यांचं परागीभवन बहुतेक आपल्याच फुलात होतं, म्हणून बी आईसारखं निघतं. दुकानातल्या संकरित वाणाचं बी धरू नये, पुढच्या पिढीत ते फुटून वेगवेगळं येतं. कांद्याचं बी वर्षभरातच दम सोडतं. भोपळ्याचं तीन-चार वर्षं सहज टिकतं. शंका असली की दहा बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायच्या आणि किती उगवल्या ते मोजायचं. सात आल्या तर पेरायला हरकत नाही.

किडींचं दुखणं आमच्याकडे कपाशीबरोबर येतं. चहूकडे कपाशी, आणि भेंडी, अंबाडी, जास्वंद ही तिची भावकी. त्यामुळे पांढरी माशी, तुडतुडे, पिठ्या ढेकूण शेतातून सरळ परसात येतात, विशेषतः पऱ्हाटी उपटली जाते तेव्हा. पांढरी माशी भेंडीवर केवडा रोग आणते. पानाच्या शिरा पिवळ्या पडल्या की ते झाड बरं होत नाही, उपटून टाकावं. बाकी किडींना मी निंबोळीचा अर्क मारते. ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, फडक्यानं गाळायच्या, थोडं साबणाचं पाणी घालायचं आणि संध्याकाळी फवारायचं. उन्हात फवारलं तर त्याचा गुण लवकर उतरतो.

जीवामृताबद्दल नवे लोक हटकून विचारतात. ते लोकप्रिय करणारे सुभाष पाळेकर आमच्याच जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं प्रमाण एकरासाठी २०० लिटर पाण्याचं आहे. परसासाठी मी त्याचा विसावा भाग करते: १० लिटर पाणी, अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत दोन दिवस ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळायचं आणि आठवड्याच्या आत वापरायचं. मला त्याचा उपयोग झाला आहे. पण ज्याच्या वाफ्यात कुजलेलं खतच नाही, त्यानं आधी खत करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

नव्या माणसांना हाताशी धरणारे लोक सगळीकडे आहेत. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरातल्या मडक्यांतून गावरान बियाण्याची बँक उभी केली, बाया-बापड्यांना बी दिलं, आणि २०२० सालच्या पद्म यादीत त्यांचं नाव आलं. त्या शाळेत गेलेल्या नाहीत, आणि आज कृषी पदवीधर त्यांच्याकडे शिकायला जातात. हे वाचलं तेव्हा मी आजींची पितळी चंबू-वाटी काढून पुसून ठेवली. त्याच वाटीनं त्या बी मोजत.

आता त्या दुसऱ्या झाडाबद्दल. अंबाडी पाहून मुलीनं जे कुजबुजत विचारलं, ते गेल्या उन्हाळ्यात एका मुलानं सरळच विचारलं. वीस-एकवीस वर्षांचा, गल्लीतलाच, माझा जुना विद्यार्थी. मिरचीची रोपं न्यायला आला होता. म्हणाला, "बाई, तुमच्या हातानं काईबी येते. थे झाड लावलं त येईन का?" मोबाइलवर त्यानं परदेशी लोक घरात कुंड्यांमध्ये गांजा वाढवतात, ते पाहिलं होतं. त्याच्या आजीचे गुडघे दुखत, आणि त्याचं तेल गुणकारी असतं असंही कुठंतरी ऐकलं होतं.

हे गाव व्यसनमुक्तीच्या भजनांवर वाढलेलं. मी त्याला रागावून हाकलला असता तर कुणी मला दोष दिला नसता. पण मग तो पुन्हा मोबाइललाच विचारत राहिला असता. मी त्याला बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि मला जे माहीत होतं ते सगळं सांगितलं. १९८५च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्यानं आपल्याकडे गांजाचं झाड लावणं हाच गुन्हा आहे. शेतात शंभर लावा किंवा कुंडीत एक. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. भांगेची सरकारमान्य दुकानं काही राज्यांत दिसतात, कारण शेंडे सोबत नसलेली पानं आणि बिया कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. त्यावरून झाड लावायची परवानगी आहे, असं समजणं ही घोडचूक. कपाशी-तुरीच्या आड गांजा लावला आणि पोलिसांनी उपटून नेला, अशा बातम्या पेपरात येतच असतात, आणि त्यातला शेतकरी बहुधा लहानच असतो.

तो म्हणाला, "मंग पयले लोक कसे लावत?" प्रश्न बरोबर होता. इंग्रजांच्या काळात परवाना घेऊन गांजा पिकवला जाई. आपल्याला जवळचं खांडवा त्यासाठी प्रसिद्ध होतं. १८९३-९४ साली सरकारनं त्यावर मोठा आयोग नेमला. त्यानं देशभर फिरून हजाराहून जास्त साक्षी नोंदवल्या आणि सरसकट बंदीची गरज नाही, असा निष्कर्ष काढला. पुढं १९६१चा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९८५ला आपला कायदा. अलीकडे उत्तराखंडानं २०१८पासून वाखासाठी आणि बियांसाठी, नशेचं द्रव्य नगण्य असलेल्या वाणाच्या लागवडीला परवाने देणं सुरू केलं. २०२१पासून त्या बिया आणि त्यांचं तेल देशात खाद्यपदार्थ म्हणून विकता येतं. पण ती परवान्याची शेती, परसातली नव्हे.

आजीच्या गुडघ्यांचं उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं. मी कुंपणापलीकडच्या मुलीला हाक मारली. तिनं त्याला नीट सांगितलं: आयुर्वेदात या वनस्पतीला विजया म्हणतात, ती विषारी द्रव्यांच्या यादीत येते, तिची औषधं परवाना असलेल्या कारखान्यात शोधन करून बनतात आणि वैद्यानं लिहून दिल्यावरच घ्यायची असतात. घरी पानं वाटून लावायचा हा विषय नाही. आजींना रुग्णालयात घेऊन ये, असं ती म्हणाली, आणि त्यानं आणलं. त्याला मी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते, आणि कोवळ्या वयात नेमानं गांजा ओढणाऱ्यांमध्ये मनाच्या गंभीर आजारांचा धोका वाढतो. हे मी धाक घालायला सांगितलं नाही. माझ्या एका विद्यार्थ्याचं असं झालेलं मी पाहिलं आहे.

परदेशातलं चित्र खोटं नाही, हेही मी त्याला सांगितलं. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८पासून घरटी चार झाडं लावायची मुभा झाली, जर्मनीत १ एप्रिल २०२४पासून प्रौढ माणसाला तीन. माझी भाची ओंटारिओत असते. तिच्या शेजारी सत्तरीतल्या एक बाई आहेत, मागच्या अंगणात टमाटे, घेवडा आणि त्याच रांगेत ती चार झाडं. भाची तिथं नवी होती. एप्रिलातलं ऊन पाहून तिनं मिरचीची रोपं बाहेर मांडली तेव्हा त्या बाई धावत आल्या आणि म्हणाल्या, मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात व्हिक्टोरिया डेची सुट्टी होईपर्यंत थांब, त्याआधी कधीही दहिवर पडून सगळं करपतं. त्यांच्याकडे संध्याकाळी बागवाले जमतात. नव्यानं झाड लावणारा कुणी येतो, पान पिवळं का पडलं विचारतो. त्याला कुणी हसत नाही. भाची सांगत होती, बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: पाणी कमी कर, मातीत बोट घालून बघ. ते ऐकून मी फोनवर क्षणभर गप्प झाले. आमच्या आजी मोझरीच्या बाहेर फारशा गेल्या नव्हत्या.

तिथला कायदा वेगळा, इथला वेगळा. त्या झाडाचं बी मी कुणाला देणार नाही आणि लावायला सांगणार नाही. पण त्या बाईंच्या अंगणात नवख्याला बसायला खुर्ची मिळते, ती रीत मला ओळखीची वाटली. त्या मुलाला मी मिरचीबरोबर वालाची पुडी दिली. त्यानं घराच्या गच्चीवर मांडव घातला आहे.

त्या मुलीच्या अंबाडीचं सांगायचं राहिलं. पौषात बोंडं वाळली तेव्हा मी तिला हाक मारली. बोंडांवर कुसळासारखे केस असतात, बोटांत रुतले की दिवसभर खाज. म्हणून जुन्या लुगड्याचे धडपे हाताला गुंडाळून आम्ही दोघी अंगणात बसलो, काठीनं बोंडं झोडली, सुपानं पाखडली. करड्या-काळ्या त्रिकोणी बिया तिनं आजींच्या वाटीनं मोजल्या. वर्तमानपत्राच्या दोन पुड्या बांधल्या, वर तारीख लिहिली. एक तिनं इथल्या खोलीसाठी ठेवली आणि दुसरी सुट्टीत मुंबईला आईकडे नेली.

आषाढात एका संध्याकाळी ती माझ्याकडे चहाला आली होती, तेव्हा आईचा व्हिडिओ कॉल आला. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत एक डबा, त्यात टीचभर उंचीची सहा रोपं. आईच्या आवाजात काळजी होती. पानं तर गोलच आहेत, म्हणाली, बदामासारखी. बोटं कुठं आहेत? काकूंनी दुसरंच बी दिलं का?

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. तिनं फोन डोळ्यांजवळ घेतला, पानं नीट पाहिली आणि म्हणाली, "अंबाडीच आहे, आई. खालची पानं अशीच येतात. बोटं वरच्या पानांना फुटतील, महिनाभर थांब. आणि आधी मला सांग, मातीत बोट घालून पाहिलंस का?"